वाचकांचे प्रश्न : आवाज थांबले, पण लक्ष आणि स्मृतीचे काय?

मागील अंकात स्किझोफ्रेनियातील भास आणि संभ्रम (निराधार पण पक्क्या समजुती) यांवरील औषधांविषयी लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीभोवती फिरणारी होती. रुग्ण शांत झाला आहे, पण पूर्वीसारखा विचार करू शकत नाही, आणि त्यावर औषध आहे का, अशी विचारणा त्यांत होती. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला हा आजार झाला. गोळ्या नियमित चालू आहेत आणि कानात येणारे आवाज तीन वर्षांपासून थांबले आहेत. तरीही वाण्याकडून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच घेऊन येतो, वर्तमानपत्राची बातमी अर्ध्यावर सोडतो, कोणी भरभर बोलू लागले की गोंधळतो. त्याचे वडील म्हणतात, आजार बरा झाला, आता उरला तो आळस. खरे काय समजावे? — एक आई, कराड

ताई, तुम्ही वर्णन केलेली प्रत्येक गोष्ट या आजाराचाच भाग आहे. आवाज थांबले म्हणून आजाराचे एक अंग आटोक्यात आले, एवढेच म्हणता येईल. स्किझोफ्रेनियाची लक्षणे साधारणपणे तीन गटांत मांडतात. भास, संभ्रम आणि विस्कळीत बोलणे हा पहिला गट. उत्साह ओसरणे, बोलणे कमी होणे, भावना चेहऱ्यावर न उमटणे हा दुसरा. लक्ष, स्मृती, विचारांचा वेग, नियोजन आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता यांतील उणीव हा तिसरा. वडिलांना जो आळस वाटतो तो बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांचे मिश्रण आहे, आणि घरी बसून त्यांतले काय किती हे ओळखणे अवघड असते.

पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला. तेव्हापासून कित्येक दशके या आजारावर आलेले जवळजवळ प्रत्येक औषध डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या डी-२ या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर ते रसायन जिथे बसते त्या जागेला, अडवण्याचे काम करते. मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटममध्ये डोपामिनची क्रिया वाजवीपेक्षा जास्त होत असते. ती कमी झाली की आवाज विरतात आणि संशय निवळतो. वाण्याच्या दुकानापर्यंत तीन वस्तू मनात धरून ठेवण्याचे काम मात्र मुख्यतः कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागातील पेशींच्या जाळ्यावर अवलंबून असते. तिथला बिघाड निराळ्या जातीचा असल्याने डी-२ अडवून तो दुरुस्त होत नाही.

वैद्यकशास्त्राला ही उणीव नवी नाही. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी बौद्धिक ऱ्हासालाच मध्यवर्ती स्थान दिले होते. पुढे औषधांनी ज्यावर गुण दिसला त्याकडेच सर्वांचे लक्ष गेले आणि हा भाग मागे पडला. १९९६ साली मायकेल ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे संशोधन एकत्र करून दाखवले की, माणूस पुढे काम करू शकेल का, लोकांत मिसळेल का, नवी कौशल्ये शिकेल का, याचा संबंध भास-संभ्रमांच्या तीव्रतेपेक्षा शाब्दिक स्मृती आणि अवधान यांच्याशी अधिक घट्ट असतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा आजवर पाठपुरावा केला जातो. त्यातून असेही दिसले की, पुढे ज्यांना हा आजार झाला त्यांच्यापैकी अनेकांच्या बुद्धिमापन चाचण्यांत शालेय वयापासूनच थोडी घट होती. आजार प्रकट होण्याच्या सुमारास ती वाढते आणि त्यानंतर बहुतेकांत बऱ्यापैकी स्थिर राहते. अल्झायमरप्रमाणे हे दरवर्षी उतरत जाणारे विस्मरण नव्हे, हे वडिलांनाही समजावून सांगा.

एकदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून लक्ष आणि स्मृती यांची रीतसर तपासणी करून घ्या. नेमकी कोणती क्षमता कमी आहे हे कळल्यावर घरातील अपेक्षाही ठरवता येतात. तोवर एका वेळी एकच सूचना द्या, यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि उत्तरासाठी त्याला नेहमीपेक्षा अधिक वेळ द्या. यादी खिशात असताना त्याने तिन्ही वस्तू आणल्या, तर तो आळस नव्हता हे वडिलांना वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

मी औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी आहे. स्किझोफ्रेनियातील बौद्धिक उणिवेवर खास बनवलेले आयक्लेपर्टिन हे औषध २०२५ च्या सुरुवातीला अंतिम टप्प्यात अपयशी ठरल्याचे वाचले. दुसऱ्या टप्प्यात उत्तम ठरलेली औषधे तिसऱ्या टप्प्यात का कोसळतात? आणि आजवर या कारणासाठी एकही औषध मान्य झालेले नाही, हे खरे आहे का? — एक विद्यार्थी, नाशिक

खरे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केवळ या उणिवेसाठी आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. मात्र हे अपयश आळसाचे किंवा पैशाच्या टंचाईचे नाही, आणि त्यातून जे शिकायला मिळाले ते एखाद्या यशस्वी गोळीइतकेच मोलाचे आहे असे मला वाटते.

प्रश्न आधी मोजमापाचा होता. १९९० च्या दशकात आलेली नवी औषधे स्मृती सुधारतात असा बराच गाजावाजा झाला. पुढे लक्षात आले की, तीच चाचणी पुन्हा दिली की कोणीही पहिल्यापेक्षा बरे गुण मिळवतो, आणि २००७ साली पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलेली सुधारणा बव्हंशी सरावाइतकीच निघाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील केटी या मोठ्या तुलनात्मक चाचणीच्या निष्कर्षांत परफेनाझिन हे जुने, स्वस्त औषध महागड्या नव्या औषधांच्या मागे पडले नाही. ही फजिती टाळण्यासाठी सर्वमान्य मोजपट्टी हवी होती. तिचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००२ साली मॅट्रिक्स या प्रकल्पाद्वारे हाती घेतले होते. त्यातून सात क्षेत्रे आणि दहा चाचण्या असलेला एक संच तयार झाला. विचारांचा वेग, अवधान, कार्यस्मृती, शाब्दिक शिक्षण, दृश्य शिक्षण, तर्क आणि समस्या सोडवणे, व सामाजिक आकलन ही ती सात क्षेत्रे. शिवाय औषध प्रशासनाने अट घातली की, चाचणीतले गुण वाढून भागणार नाही. दैनंदिन व्यवहारात फरक पडतो हेही दिसले पाहिजे. त्यासाठी बिल भरणे, फोन करून वेळ ठरवणे, बस पकडून किराणा आणणे यांचे नक्कल-प्रसंग वापरले जातात. कराडच्या ताईंनी वर लिहिलेली अडचण ती हीच.

आता या औषधांनी मेंदूत ज्यांवर काम करायचे ती लक्ष्ये पाहू. पहिले लक्ष्य निकोटिनचे. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते, आणि निकोटिनने त्यांचे अवधान काही काळ सुधारते. डेन्व्हर येथील रॉबर्ट फ्रीडमन यांच्या गटाने या निरीक्षणाची सांगड निकोटिन जिथे काम करते त्या अल्फा-७ निकोटिनिक रिसेप्टरशी घातली. त्यावर बेतलेले एनसेनिक्लिन हे औषध ३१९ रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्यात आशादायक ठरले आणि २०१६ साली तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे मान्यतेआधीच्या मोठ्या चाचण्यांत, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) पुढे जाऊ शकले नाही.

दुसरे लक्ष्य ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचे, आणि त्यामागचा तर्क अधिक भक्कम आहे. केटामिन हे भुलीचे औषध ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरला अडवते. १९९४ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना ते अल्प मात्रेत दिले, तेव्हा भासांसदृश अनुभवांबरोबरच स्मृती आणि नियोजन यांतही तात्पुरता बिघाड दिसला. हा रिसेप्टर उघडण्यासाठी ग्लुटामेटबरोबर ग्लायसिन किंवा डी-सेरिन यांचीही साथ लागते. पेशींच्या सांध्यांतून ग्लायसिन खेचून घेणारा वाहक अडवला तर तिथे ग्लायसिन अधिक उरेल आणि मंदावलेला रिसेप्टर नीट काम करील, हा आयक्लेपर्टिनमागचा विचार होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ५०९ रुग्णांवरील चाचणीत बारा आठवड्यांत मॅट्रिक्स संचातील गुण खरोखर वाढले. पुढे कॉनेक्स या नावाने तीन मोठ्या चाचण्या अनेक देशांत झाल्या, आणि सहा महिन्यांनंतर त्यांच्यात अपेक्षित फरक आढळला नाही. डी-सेरिनचे विघटन रोखणाऱ्या लुवाडॅक्सिस्टॅटचेही २०२४ साली असेच झाले.

मग चूक कुठे होते? लक्ष्य मुळातच चुकीचे होते असे मला वाटत नाही. २०२२ साली हजारो रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात ज्या मोजक्या जनुकांतील दुर्मिळ बदलांनी या आजाराचा धोका ठळकपणे वाढतो असे दिसले, त्यांत एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक तयार करणारे जनुक आहे. अडचण अशी की, स्किझोफ्रेनिया या एका नावाखाली अनेक बिघाड एकत्र राहतात. पिट्सबर्ग येथील डेव्हिड लुइस यांनी प्रीफ्रंटल भागातील पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या, शेजारच्या पेशींना लगाम घालणाऱ्या गाबा पेशींचा दोष उलगडला. याच पेशी सेकंदाला तीसच्या पुढे जाणाऱ्या गॅमा या मेंदूलहरींची लय सांभाळतात आणि कार्यस्मृती त्या लयीवर अवलंबून असते. २०१६ साली हार्वर्ड आणि ब्रॉड संस्थेच्या गटाने सी-४ या प्रतिकारसंस्थेच्या जनुकाचा संबंध किशोरवयातील चेतासांध्यांच्या छाटणीशी असावा असे दाखवले. एकाचे सांधे जास्त छाटले गेले असतील, दुसऱ्याच्या गाबा पेशी दुबळ्या असतील, तिसऱ्याचा एनएमडीए रिसेप्टर मंद असेल. या तिघांना एकाच गोळीवर ठेवून सरासरी काढली तर ज्याला खरोखर फायदा झाला तोही त्या सरासरीत दिसेनासा होतो. मेंदूलहरींच्या आणि डोळ्यांच्या हालचालींच्या मोजमापांवरून रुग्णांचे जैविक गट पाडण्याचे प्रयत्न त्यासाठीच सुरू आहेत. यापुढची लक्ष्यवेधी औषधे आधी असा गट निवडूनच तपासली जावीत, असे माझे मत आहे.

आणखी एक कारण पुरेसे चर्चिले जात नाही. ही औषधे थेट स्मृती देत नाहीत; पेशींची शिकण्याची ताकद वाढवतील एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. चाचणीतील पुष्कळसे रुग्ण मात्र ते सहा महिने घरात बसून काढतात. खत घालायचे आणि पेरणी करायचीच नाही, असा हा प्रकार होतो. गोळीबरोबर मेंदूला रोज काही नवे शिकण्याची संधी दिल्याशिवाय तिची खरी परीक्षा होणार नाही.

माझ्या भावाला रिस्पेरिडोनबरोबर हातांची थरथर कमी करणारी गोळी गेली कित्येक वर्षे दिली जाते. या गोळीने विस्मरण वाढते असे ऐकले. ती बंद करावी का? — एक बहीण, सांगली

स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. आपल्याकडे ही गोळी बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल असते, आणि अनेकदा मुख्य औषधाच्याच गोळीत ती मिसळलेली असते. अशा गोळीच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘प्लस’ लिहिलेले असते, त्यामुळे रुग्ण ती घेत आहे हे घरच्यांना ठाऊकही नसते.

नवी आठवण तयार होण्यासाठी मेंदूला ॲसिटिलकोलिन हे रसायन लागते. ट्रायहेक्सिफेनिडिल त्याचे मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवते. थरथर आणि ताठरपणा त्याने कमी होतो आणि त्याच वेळी स्मृतीलाही अडथळा होतो. असा परिणाम करणारी औषधे एकाहून अधिक असली तर त्यांचा भार साचत जातो. सर्दीच्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध, लघवीवर नियंत्रण राहावे म्हणून दिलेली काही औषधे, हे सर्व त्यात मिळवावे लागते. हा भार जितका जास्त तितके बौद्धिक चाचण्यांतील गुण कमी, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. आणि ज्यांच्या रक्तात ॲसिटिलकोलिनला अडवणारी ही क्रिया जास्त होती त्यांना बौद्धिक प्रशिक्षणाचा लाभही कमी झाला, असे २००९ सालच्या एका अभ्यासात आढळले.

नव्या औषधांची वाट पाहणाऱ्या कुटुंबांनी हे आधी लक्षात घ्यावे, असे मला फार वाटते. आज, कोणतेही नवे औषध न आणता, बऱ्याच रुग्णांची विचारशक्ती थोडी मोकळी करता येण्यासारखी आहे. थरथर होऊ नये म्हणून आगाऊ सुरू केलेली ही गोळी अनेकदा गरज संपल्यावरही कोणी काढून घेत नाही. ती हळूहळू कमी करता येते. एकदम थांबवली तर ताठरपणा उसळून येतो, झोप जाते आणि घबराट होते. थरथर पुन्हा दिसली तर मूळ औषधाची मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे पर्याय असतात. क्लोझापिन मात्र अपवाद समजावे. तेही मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवते, पण इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात त्याला तोड नाही, म्हणून स्मृतीसाठी ते सोडण्याचा विचार करू नये.

मोबाइलवर ‘मेंदूचे व्यायाम’ म्हणून खेळ मिळतात. ते मुलीला द्यावेत का? — एक वाचक, ठाणे

नुसते खेळ दिले तर ती त्या खेळात तरबेज होईल, व्यवहारात फारसा फरक पडणार नाही. ज्याला बौद्धिक पुनर्वसन म्हणतात ते याहून वेगळे आहे. लंडनच्या टिल वाइक्स यांनी २०११ साली ४० अभ्यासांचे आणि २०२१ साली इटलीतील अंतोनियो वीता व सहकाऱ्यांनी १३० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. दोन्हींत लाभ मध्यम किंवा त्याहून थोडा कमी पण खात्रीचा आढळला, आणि तो प्रशिक्षित व्यक्ती सोबत असताना, उकल कशी शोधली यावर बोलणे होत असताना व त्याच काळात रोजगार किंवा कौशल्याचा कार्यक्रम चालू असताना अधिक होता. बंगळुरूच्या निम्हान्स आणि चेन्नईच्या स्कार्फ या संस्थांत पुनर्वसनाचे काम दीर्घकाळ चालू आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट शुभार्थी (रुग्ण) आणि शुभंकर (काळजी घेणारे) या दोघांसाठीही आहेत. मुलीने खेळ खेळावा, पण त्यानंतर तासाभरात एखादे खरे काम करावे. भाजीचा हिशेब ठेवला तरी चालेल. दम लागेल असे चालणेही स्मृतीला मदत करते, याला आता चांगला आधार आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे कोबेन्फी हे नवे औषध मिळते. माझ्या पुतण्यासाठी ते भारतात पाठवावे का? त्याने बुद्धी सुधारते असे म्हणतात. — एक काका, अमेरिका

पाठवू नका. झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम यांचे हे मिश्रण अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झाले. डी-२ रिसेप्टरला हात न लावता स्किझोफ्रेनियातील भास-संभ्रम कमी करणारे ते पहिले मान्यताप्राप्त औषध आहे, आणि त्याची कथा रंजक आहे. मस्कॅरिनिक रिसेप्टर जागे करणारे झॅनोमेलिन १९९० च्या दशकात अल्झायमरसाठी तपासले गेले होते. तेव्हा रुग्णांचे भास आणि भडकणे कमी झाले, पण मळमळ आणि उलट्यांमुळे ते मागे ठेवावे लागले. ट्रोस्पियम मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे ते पोट आणि इतर अवयवांतील मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवते आणि मेंदूत झॅनोमेलिनला मोकळे सोडते.

मान्यता स्किझोफ्रेनियासाठी आहे, बौद्धिक उणिवेसाठी नाही. मूळ चाचण्यांतील ज्या रुग्णांत ही उणीव आधीपासून ठळक होती, त्यांच्या गुणांत नंतर केलेल्या विश्लेषणात काही सुधारणा दिसली. हा मागाहून काढलेला निष्कर्ष आहे. वर सांगितलेल्या औषधांचे काय झाले हे पाहता त्यावर अजून भिस्त ठेवू नये. तरीही मस्कॅरिनिक एम-१ आणि एम-४ हे मार्ग स्मृतीशी थेट जोडलेले असल्याने या दिशेकडे मी इतरांपेक्षा अधिक आशेने पाहतो. पुतण्या ट्रायहेक्सिफेनिडिल घेत असेल, तर एक गोळी जे रिसेप्टर जागे करते तेच दुसरी झोपवील, हेही ध्यानात असू द्या. हे औषध दिवसातून दोनदा, जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे लागते, सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी लागते, नाडीवर लक्ष ठेवावे लागते आणि लघवी तुंबण्याचा त्रास असलेल्यांना ते चालत नाही. सामानातून आलेल्या डबीबरोबर ही देखरेख येत नाही.

स्मृतीसाठीच्या नव्या औषधाच्या चाचणीत मुलाला घ्यायचे का, असे रुग्णालयातून विचारले आहे. प्रयोग म्हटले की धास्ती वाटते. — एक वडील, नागपूर

धास्ती स्वाभाविक आहे, पण नकार देण्याआधी माहिती घ्या. अशा चाचण्यांत सहसा मुलाचे चालू औषध तसेच राहते आणि नवे औषध किंवा प्लासिबो त्याच्या जोडीला दिले जाते. त्यामुळे प्लासिबो गटात गेल्यास उपचार थांबतील, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. तरी आपल्या बाबतीत तसेच आहे ना, हे विचारा. भारतात औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत आधीच व्हावी लागते. तिचा क्रमांक मागा. नैतिक समितीची मान्यता पाहा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई यांची जबाबदारी कोणाची, हे कागदावर असले पाहिजे. संमती तुमची पुरेशी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार ती मुलाने स्वतः, समजून-उमजून द्यायची आहे. त्याची स्मृती कमी असेल तर संमतीपत्र मराठीत मागून घ्या आणि एका बैठकीत उरकू नका. तो कारण न देता केव्हाही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. ते सापडेपर्यंत सही करू नका.